परराष्ट्र-संरक्षणाच्या बातम्यांतून इंग्रजी शब्द: वही भरली, पण शब्द वाक्यात बसत नाहीत

खानापूरची_वाचक

नमस्कार मंडळी. सीडीएसच्या, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षेच्या, इंग्रजी पेपरची तयारी चालू आहे. शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. पेपरात 120 प्रश्न, वेळ 2 तास, आणि चुकलं की एक तृतीयांश गुण वजा. त्यामुळे अंदाजपंचे उत्तर देता येत नाही.

शब्दसंग्रहासाठी रोज इंग्रजी वर्तमानपत्रातलं परराष्ट्र आणि संरक्षणाचं पान वाचते. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. साधारण 400 शब्द झालेत. अडचणी अशा:

सीझफायर, ट्रूस, आर्मिस्टिस या तिन्हींपुढे वहीत 'युद्धबंदी' लिहिलंय. प्रश्नात तिन्ही पर्याय एकत्र आले की निवडता येत नाही.

सँक्शन म्हणजे मंजुरी की निर्बंध? दोन्ही सापडतात.

शब्द ओळखता येतो, पण स्वतःच्या वाक्यात घातला की चुकतो. आणि मथळे तर कळतच नाहीत, बातमी वाचल्यावर मथळा उलगडतो.

पद्धत बदलायची की फक्त उजळणी वाढवायची?

शब्दवेचा_निपाणी

ताई, उजळणी वाढवून उपयोग नाही. दोष वहीच्या आखणीत आहे. एका शब्दासमोर एक अर्थ लिहिला की शब्द एकटा पडतो, आणि बातमीत तो कधीच एकटा नसतो. म्हणून शब्द लिहू नका, तीन ते पाच शब्दांचा तुकडा लिहा. सीझफायरच्या पानावर हे यायला हवं: अग्री टू अ सीझफायर, ब्रोकर अ सीझफायर, व्हायोलेट द सीझफायर, द सीझफायर इज होल्डिंग, द सीझफायर कोलॅप्स्ड.

यातला ब्रोकर बघा. आपल्याला ब्रोकर म्हणजे जमिनीचा नाहीतर यार्डातला दलाल. इथे तो क्रियापद आहे, अर्थ मध्यस्थी करून घडवून आणणं. आणि 'होल्डिंग' म्हणजे शस्त्रसंधी टिकून आहे. नुसतं 'होल्ड = धरणे' लिहिलं असतं तर हे वाक्य लागलंच नसतं.

आता तुमचे तीन शब्द. मराठी बातम्यांत शस्त्रसंधी, युद्धबंदी, युद्धविराम हे शब्द अदलाबदलीने येतात, म्हणून मराठी शब्दावर विसंबू नका, पायऱ्या लक्षात ठेवा. ट्रूस सर्वांत सैल: सणासाठी, जखमी हलवण्यासाठी, थोड्या वेळापुरता. सीझफायर म्हणजे गोळीबार थांबवायचं ठरलं, पण भांडण तसंच आहे. आर्मिस्टिस हा दोन्ही सैन्यांनी सही केलेला औपचारिक करार, लढाई थांबते पण शांतता करार अजून बाकी असतो. शेवटी पीस ट्रीटी, म्हणजे आपला तह. कोरियात 27 जुलै 1953 ला आर्मिस्टिस झाला, शांतता करार आजतागायत नाही. म्हणून तिथल्या बातम्यांत 'टेक्निकली स्टिल अॅट वॉर' हा तुकडा पुन्हापुन्हा येतो.

10 मे 2025 ला भारत-पाकिस्तान गोळीबार थांबला तेव्हा भारताच्या बाजूने अंडरस्टँडिंग हा शब्द वापरला गेला. अंडरस्टँडिंग म्हणजे परस्पर समजूत, तो करारापेक्षा हलका शब्द. सरकारी निवेदनात असा शब्द चुकून पडत नाही, वजन करून ठेवलेला असतो. असे शब्द सापडले की त्यांची शिडी करा. करारांची शिडी अशी: एमओयू (सामंजस्य करार) सहसा कायद्याने बांधत नाही, अग्रीमेंट बांधतं, ट्रीटी सर्वांत औपचारिक. ट्रीटीवर आधी साइन, मग देशाच्या पातळीवर रॅटिफाय, मग ती एंटर इंटू फोर्स. अमेरिकेने अणुचाचणीबंदीच्या सीटीबीटी करारावर 1996 ला सही केली, पण रॅटिफाय केला नाही. हे एक उदाहरण डोक्यात असलं की साइन आणि रॅटिफाय कधी गोंधळत नाहीत.

करार बाजूला ठेवण्याचेही प्रकार आहेत. 1960 चा सिंधू जलकरार भारताने 23 एप्रिल 2025 ला 'इन अबेयन्स' ठेवला. अबेयन्स म्हणजे तूर्त स्थगित. अॅब्रोगेट म्हणजे रद्दच. आणि डिनाउन्सचा रोजचा अर्थ जाहीर निषेध, पण करारापुढे आला तर 'रीतसर बाहेर पडणे'. परीक्षेत समानार्थी विचारतात तेव्हा वाक्य वाचल्याशिवाय हात लावू नका.

सँक्शनचंही तसंच, दोन्ही अर्थ खरे. अनेकवचनात, पुढे 'ऑन' आणि देशाचं नाव असेल तर निर्बंध: इम्पोज सँक्शन्स ऑन. क्रियापद म्हणून किंवा 'सँक्शन्ड' असं विशेषण म्हणून पदाला, निधीला लागलं तर बहुधा मंजुरी. हवाई दलाची 'सँक्शन्ड स्ट्रेंग्थ' 42 स्क्वॉड्रन, म्हणजे मंजूर संख्या. मात्र 'सँक्शन्ड' देशाला किंवा कंपनीला लागलं तर निर्बंध घातलेला.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. या विषयाचे शब्द मराठीला परके नाहीत. मराठेशाहीच्या इतिहासात ते सगळे भेटलेत. कुमक म्हणजे रीइन्फोर्समेंट्स, या अर्थी बहुतेक अनेकवचनीच. रसद म्हणजे सप्लाइज, रसद तोडणे म्हणजे कट ऑफ द सप्लाय लाइन. वेढा घालणे, ले सीज टु. वेढा उठवणे, लिफ्ट द सीज. ओलीस, होस्टेज. पिछाडी, रिअरगार्ड. त्या काळात वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात पाठवलेला माणूस, म्हणजेच एन्व्हॉय, आणि त्याच्यावरूनच वकिलात. पुरंदरचा तह 1665, वसईचा तह 1802, इंग्रजीत ट्रीटी ऑफ पुरंदर, ट्रीटी ऑफ बसीन. 'युद्धात जिंकले, तहात हरले' याला इंग्रजीत 'लॉस्ट अॅट द नेगोशिएटिंग टेबल'. शाळेत पाठ झालेल्या लढाया आठवून असे तीसेक शब्द एका बैठकीत बसवता येतात, आणि ते विसरत नाहीत.

कॅम्पातला_निवृत्त

वरची आखणी बरोबर आहे. मी लष्करी शब्दांपुरतं लिहितो, कारण इथे मराठी बातम्यांतही रोज चुका दिसतात.

ट्रूप्स म्हणजे तुकड्या नव्हे. '5,000 ट्रूप्स' म्हणजे 5,000 सैनिक. कॅज्युअल्टी म्हणजे फक्त मृत नव्हे, जखमीही त्यात मोजतात, लष्करी हिशेबात बेपत्ता आणि पकडलेलेही. मृतांसाठी फॅटॅलिटीज किंवा 'किल्ड'. हॉस्पिटलातला कॅज्युअल्टी विभाग आठवा, तिथे जखमी आणतात. सॉर्टी म्हणजे एका विमानाचं एक उड्डाण. '20 सॉर्टीज' म्हणजे 20 विमानं असतीलच असं नाही, पाच विमानं चार-चार वेळा गेली असतील.

एअरक्राफ्टला 'एस' लागत नाही, वन एअरक्राफ्ट, टेन एअरक्राफ्ट. इक्विपमेंट, अॅम्युनिशन, पर्सोनेल यांनाही नाही. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नात हे हमखास येतं. पर्सोनेल आणि पर्सनल वेगळे: पहिल्यात जोर शेवटच्या अक्षरावर, अर्थ मनुष्यबळ. ऑर्डनन्स म्हणजे दारूगोळा-शस्त्रसामग्री, आणि मधे एक 'आय' आला की ऑर्डिनन्स, म्हणजे अध्यादेश.

हुद्द्यांत एक पेच आहे. मेजर हा लेफ्टनंटपेक्षा मोठा, पण लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलपेक्षा मोठा. कुणाच्या हाताखाली काय, हेही पाठ असू द्या. कंपनी साधारण शंभरावर जवानांची, मेजरकडे. बटालियन आठशेच्या आसपास, कर्नलकडे. ब्रिगेड ब्रिगेडियरकडे, डिव्हिजन मेजर जनरलकडे, कोर लेफ्टनंट जनरलकडे. बेळगावातलं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर ही बटालियन नव्हे, ते रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र. तिथल्या परेडच्या इंग्रजी बातमीत 'अग्निवीर्स वेअर अटेस्टेड' असं येतं. झेरॉक्स अटेस्ट करून आणा म्हणतात तो शब्द हाच, पण इथे अर्थ शपथ घेऊन सैन्यात दाखल झाले असा.

कोर लिहिताना शेवटी 'पी' आणि 'एस' असतात, दोन्ही मूक. मुलं तो 'कॉर्प्स' असा वाचतात, आणि तसा उच्चार केला की अर्थ होतो मृतदेह. मुलाखतीत एवढी एक चूक लगेच कानाला टोचते. कू म्हणजे सत्तापालट, शेवटचा 'पी' मूक. डेब्री, 'एस' मूक. अटॅशे, डिफेन्स अटॅशे म्हणजे दूतावासातला लष्करी अधिकारी. डिमार्श, म्हणजे एका सरकारने दुसऱ्याला दिलेली औपचारिक समज. कॅश हा उच्चार दोन शब्दांचा: 'आर्म्स कॅश' म्हणजे शस्त्रसाठा, पैशाशी संबंध नाही. रेकी हा मराठीत रुळलेला शब्द रिकॉनिसन्सचं लघुरूप. उच्चारासाठी आकाशवाणीचं सकाळचं इंग्रजी बातमीपत्र ऐका. वृत्तवाहिनीवरच्या चर्चेत सगळे एकदम बोलतात, त्यातून एक शब्द हाती लागत नाही.

आणि जहाजांच्या बातमीत लाँच, कमिशन हे दोन शब्द. लाँच म्हणजे जलावतरण, जहाज पाण्यात गेलं. कमिशन म्हणजे नौदलाच्या सेवेत आलं. आयएनएस विक्रांत ऑगस्ट 2013 ला लाँच झाली, 2 सप्टेंबर 2022 ला कमिशन झाली. मधे नऊ वर्षं. विमानांना इंडक्ट म्हणतात, पहिली राफेल 10 सप्टेंबर 2020 ला अंबाल्यात इंडक्ट झाली. खरेदीच्या बातमीत 'डीएसी क्लिअर्स' (डीएसी म्हणजे संरक्षण खरेदी परिषद) दिसलं की खरेदी झाली समजू नका. ती बहुधा 'अॅक्सेप्टन्स ऑफ नेसेसिटी' असते, म्हणजे गरज मान्य केली, निविदा आणि करार पुढे.

खानापूरची_वाचक

दोघांचेही मनापासून आभार. कोरचा उच्चार मीही चुकीचाच करत होते. आता दोन गोष्टी विचारते. मथळे कसे वाचायचे? आणि रोज नेमकं किती आणि कुठून वाचायचं? संपादकीय घेतलं की दोन तास जातात आणि 30-40 शब्द अडतात.

चिकोडी_डेस्क

संपादकीय आत्ता बंद करा. त्यात मत असतं, वळणं असतात, आणि मागची बातमी माहीत आहे असं धरलेलं असतं. 300 शब्दांच्या मजकुरात 10 पेक्षा जास्त शब्द अडले तर तो मजकूर तुमच्यासाठी अजून जड आहे, सोडून द्या.

त्याऐवजी पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाची, निवेदनं घ्या. संरक्षण मंत्रालयाची अनेक निवेदनं तिथे इंग्रजीसोबत मराठीतही असतात, कन्नडमध्येही मिळतात. सगळी नसतात, म्हणून दोन्ही भाषांत असलेलं निवडा. आधी इंग्रजी वाचायचं, मराठी झाकून. कळलं नाही तिथे पेन्सिलची खूण, शब्दकोश नाही. दुसऱ्या वाचनात खुणेच्या जागी अंदाज लिहायचा. मग मराठी उघडून ताडून बघायचं. अंदाज चुकला तिथेच खरा शब्द शिकला जातो. ऑपरेशन सिंदूरबद्दलच्या 7 मे 2025 च्या निवेदनातली तीन विशेषणं घ्या: फोकस्ड, मेझर्ड, नॉन-एस्केलेटरी. मेझर्ड म्हणजे 'मोजलेलं' असा अंदाज येतो, जवळ आहे, पण नेमका अर्थ मोजूनमापून केलेलं. एस्केलेट म्हणजे संघर्ष एकेक पायरी वर चढणं, मॉलमधल्या एस्केलेटरसारखं. त्यावरून डी-एस्केलेशन आपोआप सुटतो.

रोज एकच मजकूर, 250 ते 300 शब्दांचा, अर्धा तास. वहीत पाचच तुकडे. पाचाहून जास्त घेतले की आठवड्याला 35 च्या वर जातात आणि उजळणी कोलमडते. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाविसाव्या दिवशी. बाविसाव्या दिवशी अर्थ बघायचा नाही, तुकडा घालून नवं वाक्य लिहायचं.

वाक्य मात्र आपल्या भागातलं करा. युक्रेनवर वाक्य लिहिलं की बातमीची नक्कल होते. ऊसदराचं आंदोलन घ्या: स्टँडऑफ ओव्हर केन प्राइस, टॉक्स विथ द मिल्स कोलॅप्स्ड, म्हणजे बोलणी फिसकटली, बोथ साइड्स रीच्ड अन अंडरस्टँडिंग. म्हादईचं पाणी घ्या. नदी तुमच्याच खानापूर तालुक्यात उगम पावते, म्हणून कर्नाटक अप्पर रिपेरियन, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचं राज्य, आणि गोवा लोअर रिपेरियन, खालच्या अंगाचं. लवादाने 14 ऑगस्ट 2018 ला अवॉर्ड दिला. इथे अवॉर्ड म्हणजे बक्षीस नव्हे, निवाडा. सिंधू कराराच्या बातम्यांत हेच शब्द येतात, रिपेरियन, आर्बिट्रेशन (लवाद), अवॉर्ड.

सीमाभागातल्यांना आणखी एक जोडी सोपी जावी. डिलिनिएट म्हणजे नकाशावर रेघ आखणं, डिमार्केट म्हणजे जमिनीवर दगड-खांब रोवून हद्द कायम करणं. भारत-चीन चर्चेत बाउंडरी क्वेश्चन म्हणतात, कारण बाउंडरी ही रेघ, आणि बॉर्डर म्हणजे बहुतेक वेळा त्या रेघेलगतचा पट्टाही. आपण सीमा, हद्द दोन्ही वापरतो, कन्नडमध्ये गडी म्हणतात. तिन्ही शब्द कानावर असलेल्या माणसाला हा फरक लवकर उमगतो.

आता मथळे. त्यांचं व्याकरण वेगळं आहे. घडून गेलेलं वर्तमानकाळात लिहितात: 'इंडिया साइन्स', म्हणजे सही केली. 'टु' आला की भविष्य: 'मिनिस्टर टु व्हिजिट', जाणार आहेत. कर्मणी प्रयोगातला सहायक गाळतात: 'थ्री हेल्ड', तिघांना पकडलं, तिघांनी पकडलं नव्हे. स्वल्पविराम 'आणि'च्या जागी असतो. राजधानीचं नाव म्हणजे त्या देशाचं सरकार, बीजिंग, मॉस्को. रावळपिंडी मात्र पाकिस्तानी लष्कर, कारण मुख्यालय तिथे आहे. आणि जागा वाचवायला आखूड शब्द: इंक म्हणजे सही करणे, नॉड म्हणजे मंजुरी, मल म्हणजे विचाराधीन, आय म्हणजे नजर ठेवून असणे, कर्ब म्हणजे आळा, आउस्ट म्हणजे पदावरून हटवणे, बिड म्हणजे प्रयत्न, रो म्हणजे वाद. हा शेवटचा वादाच्या अर्थाने 'राव' असा उच्चारतात, 'रो' म्हटलं तर रांग. असे 40-50 शब्द पक्के झाले की मथळे सुटतात. पण स्वतःच्या लिखाणात ते वापरू नका, 'इंडिया इंक्ड अ पॅक्ट' हे वर्तमानपत्री इंग्रजी आहे.

शब्दवेचा_निपाणी

एक भर. मुत्सद्द्यांच्या भाषेत शब्दाचा वरचा अर्थ आणि आतला अर्थ वेगळा असतो. बैठक 'फ्रँक अँड कँडिड' झाली म्हणजे बहुधा मतभेद उघड मांडले गेले. 'कन्स्ट्रक्टिव्ह' म्हणजे तोडगा नाही, पण दार उघडं आहे. नापसंतीची शिडी कन्सर्न, डीप कन्सर्न, डिप्लोर, कंडेम अशी चढते. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावात अर्जेस, कॉल्स अपॉन, डिमांड्स, डिसाइड्स अशी क्रियापदं एकाहून एक जोरकस असतात.

खानापूरची_वाचक

तुकडे घालून तीन वाक्यं करून बघितली. तपासाल का?

इंडिया अब्स्टेन्ड द व्होट ऑन युक्रेन.

द टू साइड्स अग्रीड ऑन डिसएंगेज देअर ट्रूप्स.

ही वॉज कमिशन्ड इन मराठा लाइट इन्फन्ट्री.

शब्दवेचा_निपाणी

शब्द तिन्ही बरोबर निवडलेत, चुका शब्दयोगी जागी आहेत. पहिल्यात 'अब्स्टेन्ड फ्रॉम व्होटिंग' किंवा 'अब्स्टेन्ड ऑन द रेझोल्यूशन'. अब्स्टेन म्हणजे मतदानात तटस्थ राहणं, त्याला थेट कर्म लागत नाही. अब्सेंटशी गल्लत नको, अब्स्टेन करणारा सभागृहात हजर असतो. 25 फेब्रुवारी 2022 ला सुरक्षा परिषदेत युक्रेनवरच्या ठरावाला 11 मतं बाजूने, 1 विरोधात, 3 अब्स्टेन. बेरीज 15, म्हणजे सगळे हजर. ते 3 म्हणजे भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती. विरोधातलं 1 रशियाचं, तोच व्हेटो.

दुसऱ्यात पुढे क्रियापद आहे (डिसएंगेज, समोरासमोरचं सैन्य मागे घेणं), म्हणून 'अग्रीड टु डिसएंगेज'. अग्री ऑन पुढे नाम येतं: अग्रीड ऑन डिसएंगेजमेंट. अग्री विथ पुढे बहुधा माणूस किंवा त्याचं मत.

कॅम्पातला_निवृत्त

तिसरं: कमिशन्ड इंटू द मराठा लाइट इन्फन्ट्री. 'इन' नव्हे, 'इंटू', आणि रेजिमेंटच्या नावाआधी 'द' राहिलाय.